मँचेस्टर बघायला आलेला मित्र

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, हे आम्ही शाळेत भूगोलाच्या तासाला पाठ केलं होतं. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला होता, "सर, मग मँचेस्टरला काय म्हणतात? विलायतेची इचलकरंजी?" सरांनी त्याला तासभर उभं केलं. तो आमचा मित्र. आम्ही नवरा-बायको दोघंही त्याच गावचे, त्याच शाळेचे. पुढे आमचं लग्न झालं आणि कालपर्यंत जिला नावानं हाक मारायचा, त्या वर्गमैत्रिणीला तो 'भाभी' म्हणू लागला. आम्ही नोकरीसाठी इंग्लंडला आलो. तो वडिलांच्या मागांवर बसला आणि तिथंच राहिला.

मोमीन म्हणजे पिढीजात विणकर. त्याच्या आजोबांचे हातमाग होते. वडिलांनी मुंबईच्या एका गिरणीतून निघालेले जुने यंत्रमाग आणले, त्याचे पुढे आठ झाले. दोन पाळ्यांत चार विणकर, एक कांडीवाली आणि एक म्हातारा जॉबर असा त्याचा संसार. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, याला मिळायची ती मजुरी. आमच्याकडे अशांना खर्चीवाले म्हणतात. तीस वर्षं त्याचा फोन आला की मागं मागांचा खडखडाट असायचा आणि आम्ही ओरडायचो, "अरे, बाहेर येऊन बोल, काही ऐकू येत नाही!" तो बाहेर यायचा, आम्ही ख्यालीखुशाली विचारायचो, आणि शेवटी आमचा सल्ला ठरलेला असायचा : "विकून टाक ते माग. काय ठेवलंय त्यात?" तो "बघू की" म्हणायचा.

२०२४ च्या जूनमध्ये, बकरी ईद झाल्यावर, तो पहिल्यांदा आमच्याकडे आला. आल्या दिवशीच म्हणाला, "मला लंडन नको, राणीचा वाडा नको. खरं मँचेस्टर दाखव."

आम्ही त्याला समजावलं की मँचेस्टर ही कापडाची पेठ. विणकाम चालायचं ते उत्तरेला बर्नली, नेल्सन, ब्लॅकबर्न या गावांत. तिथवर मोटारीनं तासाभरात जाता आलं असतं. पण त्या गावांना जोडणारा कालवा आमच्या घरापासून फार लांब नाही. लीड्स ते लिव्हरपूल, १२७ मैल लांब. १७७० मध्ये खणायला घेतला आणि १८१६ मध्ये पुरा झाला. कोळसा, चुनखडी, लोकर, कापूस सगळं त्याच्यावरून जायचं. आता तिथं माल जात नाही, माणसं सुट्टी घालवायला होड्या भाड्यानं घेतात. आम्ही स्किप्टनहून आठवड्यासाठी एक नॅरोबोट घेतली.

नॅरोबोट म्हणजे लांबलचक लोखंडी डबा. रुंदी सात फुटांहूनही थोडी कमी, कारण इंग्लंडमधल्या पुष्कळ कालव्यांची बांधणीच तेवढी अरुंद. आत एकामागे एक ओळीनं स्वयंपाकघर, बाकडी, संडास, बिछाने. एकजण चुलीशी उभा असला की दुसऱ्यानं पलीकडे जायचं तर दोघांनी पोट आत घ्यायचं. मित्र आत डोकावला आणि म्हणाला, "आमचं मागाचं खातं बरं म्हणायचं, दोन मागांच्या मधे याच्यापेक्षा जागा असती."

वेगाची मर्यादा ताशी चार मैल. प्रत्यक्षात त्याहूनही सावकाश जावं लागतं. लाट उठली तर काठ ढासळतो आणि बांधून ठेवलेल्या होड्या हेलकावतात. काठच्या वाटेवरून कुत्रं फिरवायला निघालेली बाई आम्हांला मागं टाकून जायची. मागच्या टोकाला उभं राहून सुकाणूचा दांडा धरायचा. होडी उजवीकडे न्यायची तर दांडा डावीकडे ढकलायचा. हे डोक्यात बसेपर्यंत आम्ही दोनदा काठावर आणि एकदा झुडपात शिरलो. मित्राला मात्र ते तासाभरात जमलं.

स्किप्टनच्या पुढे शेतांमधून जाताना फिरते पूल लागतात. रस्ता कालव्याला अगदी पाण्याच्या पातळीवर ओलांडतो. होडी आली की उतरून पूल ढकलून बाजूला करायचा, होडी गेली की परत लावायचा. मोटारी तोवर थांबतात. पहिल्या पुलावर मित्रानं पाठ लावून पूल हलवला. दोन मोटारी आणि एक ट्रॅक्टर मुकाट उभे राहिले. परत होडीत चढला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. "उभ्या जन्मात आपल्यासाठी कुणी गाडी थांबवली न्हवती गा!"

एक गोष्ट आमच्या पहिल्याच दिवशी लक्षात आली. त्याला नीट ऐकू येत नव्हतं. घरी चार माणसांत ते झाकलं गेलं होतं. इथं पाण्यावर शांतता, इंजिनाची बारीक घरघर, मेंढ्यांचं ओरडणं, आणि त्यात हा शेतापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचा. आम्ही हाक मारली की वळायचा नाही, पण समोर बसून हळू बोललो तरी त्याला सगळं कळायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं. तो हसला. "मागावरच्या समद्यांचं असंच. कान जातो, मग माणूस तोंडाकडं बघून ऐकतो." तीस वर्षं आम्ही त्याला फोनवर "ऐकू येत नाही" म्हणत होतो. त्याला आमचं किती ऐकू येत होतं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

गार्ग्रेव्हला लॉक सुरू होतात. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन दारांमधला दगडी हौद. वर चढायचं असेल तर खालच्या दारानं आत शिरायचं, दार लावायचं, मग लोखंडी हँडलनं वरच्या बाजूच्या झडपा उघडायच्या. वरचं पाणी हौदात येतं, होडी उचलली जाते, पाणी दोन्हीकडे सारखं झालं की वरचं दार उघडतं. कुठं वीज नाही, पंप नाही. पाण्याचा भार आणि माणसाची पाठ एवढ्यावर दोनशे वर्षं काम चाललंय. गार्ग्रेव्हला सहा, बँक न्यूटनला सहा, ग्रीनबरफील्डला तीन असे पंधरा लॉक चढून आम्ही कालव्याच्या सर्वांत उंच पट्ट्यावर आलो.

या कालव्याचे लॉक चौदा फूट रुंद आहेत. त्यामुळे दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. पाणीही वाचतं, कष्टही वाटून घेता येतात. आम्हांला एक म्हातारं इंग्रज जोडपं सोबतीला मिळालं. त्यांचं घरच होडीत होतं. म्हातारे आजोबा मूळचे नेल्सनचे. आमचा मित्र यंत्रमागवाला आहे हे कळल्यावर त्यांनी एकदम आवाज बंद केला आणि ओठ मोठमोठे हलवून, हातवारे करून काहीतरी म्हणाले. मित्राला इंग्रजी बेताचंच येतं. पण तो खदाखदा हसला आणि त्यानंही तसेच ओठ हलवून मराठीत उत्तर दिलं. आजोबांची आई विणकर होती. त्या गिरण्यांतल्या बाया खडखडाटात अशाच बोलायच्या, त्याला 'मी-मॉ' म्हणत. घरी आल्यावरही आई असंच बोलायची, असं त्यांनी सांगितलं. पुढचे तीन दिवस ही दोन माणसं लॉकच्या दोन काठांवरून एकमेकांशी बोलत राहिली. कोणत्या भाषेत, ते त्यांनाच ठाऊक.

संध्याकाळी होडी काठाला बांधायची, लोखंडी मेखा ठोकायच्या, आणि मग चहा. जूनमध्ये तिकडे दिवस मोठा. मगरिब पावणेदहाला, इशाला मध्यरात्र होत यायची आणि फजर तीनच्या सुमारास. चालत्या होडीत नमाज पढायची म्हटलं तर पंचाईत. कालवा डोंगराच्या कडेकडेनं वळत जातो, नियत बांधेपर्यंत किबला दुसरीकडे. म्हणून आम्ही नमाजाच्या वेळी होडी थांबवत होतो. मित्र म्हणाला, "कारखान्यात पाळी चालू असताना मी अशीच घाईनं पढायचो. एवढ्या निवांतपणे ऐन वक्तावर नमाज किती वर्षांनी होतीय, अल्लाला ठाऊक."

सॉल्टरफोर्थजवळ बांधलो होतो त्या रात्री त्यानं खिशातून मोबाइल काढून आमच्यापुढे ठेवला. भंगारवाल्याचा निरोप होता. आठही मागांचा किलोवर भाव. उत्तर या आठवड्यात पाहिजे.

आम्हांला आनंदच व्हायला हवा होता. तीस वर्षं हेच तर सांगत होतो. मुलं पुण्याला नोकरीला, त्यांना माग नको. वीजबिल वाढतं, मजुरी वाढत नाही. शेजारी शटललेस माग आलेत, त्यांच्यापुढे धोट्याचा माग म्हणजे बैलगाडी. पण बाकड्यावर समोरासमोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत "विकून टाक" म्हणणं वेगळं होतं. फोनवर ते शब्द किती सहज निघत असत!

"भाव वाईट न्हाई," तो म्हणाला. "पण अब्बांनी एकेक पार्ट निवडून आणला होता. आणि जॉबर? त्याला दुसरं काय येतंय? ह्या वयात शटललेसवर कोण घेणार त्याला?"

आम्ही काही बोललो नाही. ज्यांचं तिथं रोजचं जाणं-येणं नाही, त्यांनी दिलेल्या सल्ल्याला किंमत किती, हे त्या रात्री आम्हांला उमगलं.

दुसऱ्या दिवशी फाउलरिजचा बोगदा. १६४० यार्ड, म्हणजे दीड किलोमीटर. बोगद्याला काठची वाट नाही. पूर्वी घोडा डोंगरावरून चालवत न्यायचे आणि माणसं होडीत आडवी पडून भिंतींवर पाय रेटत होडी पलीकडे ढकलायची. आता तोंडाशी सिग्नल आहे. १९१२ मध्ये एक गाय इथं पाण्यात पडली आणि पोहत पोहत बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला निघाली, अशी गोष्ट तिथं सांगतात. अंधारात, थेंब थेंब पाणी अंगावर पडत असताना, मित्र म्हणाला, "गाईला म्हाईत असंल का पलीकडं दार हाय म्हणून?"

बोगद्यानंतर बॅरोफोर्डचे सात लॉक. इथं उतरायचं होतं. उतरताना एक धोका असतो. वरच्या दाराच्या पायथ्याशी दगडी उंबरा असतो, पाण्याखाली दडलेला. होडीचं मागचं टोक त्याच्यावर अडकलं तर पाणी उतरत जातं तशी होडी पुढं कलते आणि बुडते. हे आम्हांला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. आम्ही ते विसरलो. आमच्यापैकी एकजण सुकाणूवर, एकजण आत चहा ओतत होती. मित्र खालच्या झडपेवर हँडल घेऊन उभा. गप्पांच्या नादात होडी मागं सरकली. आधी कप घसरले, मग बूड कुठंतरी टेकल्याचा घासल्यासारखा आवाज आला. आम्ही ओरडलो, पण इंजिन चालू, पाण्याचा धबधबा, आणि मित्राला ऐकू येत नाही. शेजारच्या होडीवरच्या आजोबांनी ओरडण्यात वेळ घालवला नाही. त्याच्याकडे तोंड करून दोन्ही हात उंचावले आणि ओठ हलवले. मित्रानं क्षणात झडप बंद केली. मग त्यांच्या बाईंनी वरची झडप उघडली, पाणी परत चढलं, आणि होडी उंबऱ्यावरून सुटली. स्वयंपाकघरभर चहा सांडला होता, त्यापलीकडे काही नुकसान नव्हतं. आमच्यापैकी जिला पोहता येतं ती शांत होती. ज्याला येत नाही, त्याचे हात नेल्सन येईपर्यंत थरथरत होते. मित्र म्हणाला, "मागावर धागा तुटला की वरडून काय उपेग? हात पयला जायला पायजे."

नेल्सन, ब्रायरफील्ड. कालव्याच्या काठानं दगडी गिरण्या. काहींची घरं झालीत, काहींची दुकानं. भिंतींमागे मशिदीचे घुमट दिसतात. १९६० च्या दशकात पाकिस्तानातून आणि हिंदुस्थानातून माणसं आली, ती याच गिरण्यांत रात्रपाळी करायला. गिरण्या गेल्या, माणसं राहिली. बर्नलीला कालवा सबंध गावावरून जातो. जवळजवळ पाऊण मैलाचा उंच बांध, खाली रस्ते आणि घरांची कौलं. आम्ही तिथंच होडी बांधली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या एका गावात सुमारे एक लाख माग होते. मित्रानं खाली पाहिलं आणि विचारलं, "आता किती?"

त्याचं उत्तर हार्ले साइकला होतं. टॅक्सीनं गेलो. क्वीन स्ट्रीट मिल १८९४ ची. वाफेवर चालणारी ही विणकामाची गिरणी १९८२ मध्ये बंद पडली, आता संग्रहालय आहे. एका छपराखाली सुमारे तीनशे माग ओळीनं उभे, वर पट्ट्यांचं जाळं. मित्र दारातच थबकला. चप्पल काढायला वाकला होता, मग सावरला.

तिथल्या माणसानं काही माग चालू केले. तो खडखडाट! फोनमधून इतकी वर्षं ऐकलेला, पण त्याच्या पोटात उभं राहून ऐकणं निराळं. छाती हादरत होती. मित्र एका मागाशी गेला, मान तिरपी केली आणि बोटानं दाखवलं, धोटा मारणारा पट्टा ढिला आहे. त्या माणसानं वाकून पाहिलं, माग थांबवला, पट्टा आवळला. मग मित्राला पाठीवर थाप मारून त्यानं तो माग चालू करायला दिला. मित्राचा हात दांड्यावर आपोआप गेला. लँकेशायर माग १८४२ चा. त्याचीच भावंडं आमच्या गावात १९०४ पासून खडखडताहेत. याच कापडानं आमच्याकडचे हातमाग बसवले. पुढे या मागांवरही तीच पाळी आली. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी इथून जवळच, डार्वेनला, गिरणी कामगारांना भेटायला आले होते. स्वदेशीमुळे ज्यांचं काम गेलं होतं, त्या बायांनीच त्यांना गराडा घालून आनंदानं हात उंचावले. विणकर विणकराचा वैरी नसतो, एवढं त्या बायांना कळलं असावं.

परतताना आजोबा भेटले तेव्हा मित्रानं त्यांना विचारायला लावलं, तुमच्या आईच्या मागाचं काय झालं? १९५९ मध्ये सरकारनं कायदा करून माग मोडायला भरपाई दिली होती. आजोबा म्हणाले, घणानं फोडले. मालकांना पैसे मिळाले. आई दारात उभी राहून बघत होती. पैशापेक्षा एका गोष्टीचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटलं, तिला कुणी आधी विचारलं नाही.

मित्र त्या दिवशी फारसा बोलला नाही. सुकाणूवर उभा राहून त्यानं होडी चालवली. संध्याकाळी म्हणाला, "हा कालवा बुजवला कसा न्हाई रं यांनी? माल तर बंद झाला." आम्ही सांगितलं की बुजवायच्याच बेतात होते. पुष्कळ कालवे गेलेही. १९४६ मध्ये काही हौशी माणसांनी संघटना काढली, भांडली, चिखल उपसला. आता एक धर्मादाय संस्था बघते, आणि लॉकवर स्वयंसेवक असतात. तो म्हणाला, "म्हंजे काम गेल्यावर जी वस्तू राहती, ती कुणीतरी हात लावत राहिलं म्हणून राहती." जरा वेळानं हसून म्हणाला, "पण आमचे माग बघायला सुट्टीला कोण येणार? पंचगंगेचा वास घ्यायला?"

शेवटच्या दिवशी स्किप्टनला होडी परत करण्याआधी त्यानं फोन लावला. आम्हांला वाटलं, भंगारवाल्याला. पण त्यानं जॉबरला व्हिडिओ कॉल केला होता आणि त्याच्या ओठांकडे बघत तो विचारत होता, "चाचा, मी विकू म्हणतोय. तुमचं काय म्हणणं हाय?" तिकडून काय उत्तर आलं ते आम्हांला ऐकू आलं नाही. आम्ही विचारलंही नाही. या वेळी तरी सल्ला द्यायचा नाही, असं ठरवलं होतं.

तो गेला. पावसाळा सरल्यावर त्याचा फोन आला. सहा माग विकले होते. आधी सगळ्या कामगारांना बसवून हिशेब मांडला, विक्रीतला वाटा त्यांना दिला, मग गाडी बोलावली. दोन विणकर शटललेसवर लागले. दोन माग ठेवलेत. जॉबर ते चालवतो, मित्र त्याच्याकडून भाडं घेत नाही. "फायदा न्हाई त्यात," तो म्हणाला. "पण चाललंय."

मागं खडखडाट चालू होता, पूर्वीपेक्षा बराच विरळ. दोनच मागांचा. त्याचं बोलणं आम्हांला अर्धवटच कळत होतं.

आम्ही त्याला बाहेर ये म्हणालो नाही.